शेवटची पोळी

आमच्या वसाहतीत सगळ्या घरांच्या टपालपेट्या एकाच ठिकाणी, कोपऱ्यावरच्या जकरंडाखाली आहेत. एका संध्याकाळी टपाल काढायला गेले, तर पेट्यांच्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात घालून एक कागद चिकटवलेला होता. खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात पसरलेल्या राखाडी मांजरीचा फोटो, तिचा एक कान किंचित दुमडलेला. खाली ‘हरवली आहे’, तिचं नाव, फोन नंबर आणि ‘आमची मुलगी वाट बघते आहे’ एवढं एकच वाक्य. त्या पाकिटावर, मांजरीच्या पायांच्या जरा खाली, कुणीतरी निळ्या पेनानं एकच शब्द लिहून ठेवला होता : कायोटी.

कायोटी म्हणजे इथल्या टेकड्यांतला, कोल्ह्यासारखा रानटी शिकारी. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. त्यानं डोळ्यांनी काही पाहिलं असेल, किंवा त्याचंही मांजर असंच गेलं असेल आणि कुणी उगाच आशेवर राहू नये असं त्याला वाटलं असेल. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. ज्या घरातली लहान मुलगी अजून दार उघडं टाकून हाका मारते आहे, त्या घराला परस्पर निकाल सांगून टाकल्यासारखं होतं ते. आणि दुसरंही एक होतं. त्या एका शब्दानं आमच्या रस्त्यावरचं बोलणं बदललं. कुत्री फिरवताना एकमेकांना हात करणारी माणसं थांबून दबक्या आवाजात विचारू लागली, ‘तुम्ही पाहिलात?’ काही दिवसांत असोसिएशनच्या बैठकीचं पत्र आलं. विषय क्रमांक तीन : कायोटी पकडणाऱ्या माणसाची नेमणूक.

कॅलिफोर्नियातल्या आमच्या अर्वाइनमध्ये राहणाऱ्याला कायोटी नवा नाही. क्वेल हिल आणि बॉमर कॅन्यनच्या टेकड्या घरांना अगदी खेटून आहेत. उन्हाळ्यात त्यांवरचं गवत वाळून पिवळं होतं आणि दुपारी त्याला भाजलेल्या तिळासारखा वास येतो. त्या टेकड्यांतून पावसाचं पाणी नेणारे काँक्रीटचे कालवे थेट वसाहतींच्या मधून जातात. वर्षातले बहुतेक दिवस ते कोरडे असतात आणि तेच या जनावरांचे हमरस्ते. शिवाय संध्याकाळ झाली की प्रत्येक हिरवळीवर ससे बसलेले असतात. इतके ससे, इतकी फळझाडं, भरउन्हाळ्यातही ओली राहणारी हिरवळ. आपण माणसांनी आपल्यासाठी जे जे केलं, ते सगळं कायोटीच्याही सोयीचं झालं. लांडग्याहून लहान, आपल्या कोल्ह्याहून थोराड, नऊ ते सोळा किलोंचं अंग, निमुळतं तोंड, मोठे कान, काळ्या टोकाची झुपकेदार शेपटी खाली सोडलेली. चालताना त्याच्या पावलांचा आवाज होत नाही. रस्ता ओलांडण्याआधी तो कडेला थांबतो, दोन्हीकडे बघतो. शिकागोच्या गर्दीत वर्षानुवर्षं राहणारे कायोटी गाड्यांचा अंदाज घेऊन मोठाले रस्ते पार करतात, हे तिथल्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे, पण मला ते आमच्या कोपऱ्यावर पाहिल्यावर पटलं.

आणि आवाज. रात्री रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत गेला की टेकडीवरून उत्तर येतं. आधी एक लांब हूऽऽ, मग त्यावर चढत जाणारी किरटी, तुटक ओरड, मध्येच हसल्यासारखी, मध्येच रडल्यासारखी. ऐकणाऱ्याला वाटतं दहा-बारा जनावरं असावीत. बहुतेक वेळा असतात दोनच. सूर भराभर बदलत, प्रतिध्वनीत मिसळत ती दोघं मिळून कळपाचा भास उभा करतात. लहानपणी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरजवळच्या आमच्या घरी उसाच्या फडामागून कोल्हेकुई यायची, तेव्हा आजी नुसती कूस बदलायची. इथं माझ्या पायाशी झोपलेली माझी कुत्री, चिंगी, मात्र ताडकन उठते. पाच किलोंचं तिचं अंग, त्यावरचा कण्याजवळचा केसांचा पट्टा उभा राहतो, आणि घशातून अशी गुरगुर येते जी दिवसा तिच्यात कुठे असते कोण जाणे. मी तिच्या पाठीवर हात ठेवते. मला तो आवाज आवडतो, आणि तो ऐकताना माझा हात तिच्यावर असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आई गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी आली होती. तिच्या स्वयंपाकात कणकेचा शेवटचा गोळा जरा लहान असतो आणि ती पोळी कुत्र्याची. गावाकडे हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. जेवणं आटपली की ती पोळी घेऊन मागच्या दारी जायचं, मोत्याला हाक मारायची, मग भांडी. इथं चिंगीला तिचं वेगळं खाणं, त्यामुळे ती पोळी उरायला लागली. आईनं ती तुकडे करून मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवायला सुरुवात केली. कावळे यायचे. इथले कावळे आपल्यापेक्षा काळे, मानेला राखी रंग नाही, पण वागणूक तीच. आईला त्यांचं फार अप्रूप. मग एका पहाटे ती मला उठवायला आली. “अगं, कोल्हा आलाय. उंच आहे पण कोल्हाच आहे.” काचेच्या दारापलीकडे, भिंतीच्या बाहेरच्या उतारावर तो उभा होता. इकडेतिकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघत होता. मांजर दूधवाल्याच्या वेळेला दाराशी येतं, तसा वेळेवर आला होता.

आईच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी विसरणार नाही. परक्या देशात, जिथं कुणी दार वाजवत नाही, तिथं कुणीतरी तिच्या हातचं खायला आलं होतं.

मला तिला थांबवायचं होतं. इथं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं : ज्याला खायला घातलं तो कायोटी मेला म्हणून समजा. कायोटी माणसाला बिचकून राहतो तोवर तो सुरक्षित, आणि आपणही. एकदा का त्याच्या मनात घर आणि खाणं यांची गाठ पडली की तो दिवसाउजेडी अंगणात येतो, कुत्र्याच्या वाटीशी येतो, मग वाटीच्या मालकिणीशीच भिडतो. आणि मग तक्रार जाते आणि तो मारला जातो. कॅलिफोर्नियाच्या वन्यजीव विभागाचं सांगणंही हेच की, जिथं जिथं कायोटी धीट झाले, तिथं मागे शोधलं तर बहुधा कुणीतरी खायला घालत असतं, मुद्दाम किंवा नकळत. मी हे सगळं आईला हळूहळू सांगितलं. ती ऐकत राहिली, पदरानं ओट्याची कड पुसत. मग म्हणाली, “भुकेल्याला घालायचं नाही, हे मला जमायचं नाही गं. पण माझ्या पोळीनं त्याचा जीव जाणार असेल तर नको.” दुसऱ्या दिवसापासून तिनं शेवटचा गोळा केलाच नाही. कणीक मोजून भिजवू लागली. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

पण नंतरच्या दिवसांत आईच मला शिकवू लागली. समोरच्या घरातल्या बाई त्यांच्या छोट्या कुत्र्याला फिरायला नेताना त्याला एक जाकीट घालतात. मानेभोवती आणि पाठीवर टोकदार काटे, वर रंगीत ताठ केस. कायोटी पहिल्यांदा मानेला किंवा पाठीला धरतो, म्हणून. मला ते जाकीट नेहमी विचित्र वाटायचं. आईनं पाहिलं मात्र, म्हणाली, “खिळ्यांचा पट्टा.” आमच्याकडे धनगरांच्या कुत्र्यांना असतो तो, लोखंडी, बाहेर टोकं काढलेला, बिबट्याच्या जबड्यात मान सापडू नये म्हणून. मोत्यालाही होता. मग त्या दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून, निम्म्या हातवाऱ्यांनी, निम्म्या माझ्या दुभाषेगिरीनं, बराच वेळ कुत्र्यांच्या माना कशा राखायच्या यावर बोलत होत्या. आईनं विचारलं, रात्री बाहेर सोडता का? बाई म्हणाल्या, कधीच नाही. आई म्हणाली, “मग ठीक. पट्टा असला तरी अंधारात सोडायचं नाही. पट्टा उशिराचा उपाय आहे.”

बिबट्या आणि कायोटी यांची बरोबरी मी करत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूरमध्ये उसाच्या कडेला राहणाऱ्या माणसांनी मुलं गमावली आहेत. कायोटीनं माणूस मारल्याच्या नोंदी अमेरिका आणि कॅनडा मिळून दोनच : १९८१ साली ग्लेनडेलमधली तीन वर्षांची मुलगी आणि २००९ साली नोव्हा स्कॉशियात एकटी डोंगरात चालायला गेलेली तरुण गायिका. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, आणि ती आईच्या तोंडून आधी आली : “एक नेला की दुसरा येतो.” जुन्नरमध्ये २००१ पासून बिबटे धरून दुसरीकडे सोडायला लागले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते या सोडण्यानंतर १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात घाबरलेलं जनावर आणि मागे रिकामी झालेली जागा. आमच्या घरात या अभ्यासाचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण पिंजऱ्याची गाडी गेली की आजोबा म्हणायचे, आता गोठ्याची कडी नीट लावा, नवा येईल, त्याला वाटा माहीत नसतील. आणि त्याच मुलखात वसुबारसेच्या दिवशी आदिवासी वाड्यांवर वाघबारस होते, वाघोबाला शेंदूर लागतो, नैवेद्य जातो. भीती आणि हात जोडणं एकाच पाटावर बसतात तिथं. मला हे लहानपणी विसंगत वाटलं नव्हतं. आता वाटत नाही. मधल्या शहरी वर्षांत मात्र वाटायचं.

कायोटीची गोष्ट या बाबतीत आणखी ठळक आहे. या देशानं लांडगे जवळजवळ संपवले. कायोटींनाही गोळ्या, सापळे, विष, सगळं करून पाहिलं. आजही एकटी केंद्र सरकारची यंत्रणा वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते. आणि या काळात कायोटी पश्चिमेच्या माळांवरून निघून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. हवाई सोडलं तर आज तो प्रत्येक राज्यात आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात दिसतो. २००७ साली शिकागोच्या भर बाजारातल्या एका सँडविचच्या दुकानात शिरून थंड पेयांच्या कपाटात जाऊन बसला होता. त्या शहरात २००० सालापासून स्टॅन्ली गेर्ट आणि त्यांचे सहकारी कायोटींना पट्टे बांधून त्यांचं आयुष्य टिपत आहेत. त्यातून कळलेली एक गोष्ट मला आमच्या बैठकीत सांगायची होती : नर-मादी आयुष्यभराची जोडी करतात, आपला इलाखा राखतात, आणि या जोड्यांच्या मधून काही एकटे कायोटी भटकत असतात, कुठे जागा रिकामी होते याची वाट बघत. जोडीतला एक मेला की जागा फार काळ रिकामी राहत नाही. जी जोडी वर्षानुवर्षं आमच्या कालव्यात राहते, माणूस दिसला की झुडपात जाते, ती काढून आम्ही कुणाला बोलावणार आहोत?

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नव्हती. ‘पकडून जंगलात सोडतील’ असं सगळे धरून चालले होते. कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय पकडलेलं जनावर दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. जिथं धरलं तिथंच सोडायचं, नाहीतर मारायचं. पैसे देऊन बोलावलेला माणूस तिथंच सोडायला येत नसतो.

बैठकीत त्या हरवलेल्या मांजरीची मालकीणही आली होती. आम्ही शेजारी बसलो. तिला तो पकडणारा हवा होता, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही कदाचित हवासा वाटला असता. तिच्यासमोर आकडे मांडायला जड गेलं. शिकागोत कायोटींच्या विष्ठेत मांजराचे अवशेष एक-दोन टक्केच सापडले, पण लॉस एंजेलिसच्या दाट वस्तीत राष्ट्रीय उद्यान विभागाच्या अभ्यासात हे प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात गेलं. म्हणजे तिची भीती खोटी नाही. आमच्या भागात मोकळं फिरणारं मांजर खरंच धोक्यात आहे. मी तेच सांगितलं, कारण ते लपवून कायोटीची बाजू घेणं मला मान्य नाही. मांजर घरात हवं, किंवा जाळीनं बंद केलेल्या सज्जात. छोट्या कुत्र्याला रात्री अंगणातसुद्धा एकट्याला सोडायचं नाही. आमच्या सहा फुटी भिंती कायोटी पंजे अडकवून सहज चढतो. भिंतीच्या माथ्यावर फिरते रूळ बसवले तर त्याला पकड मिळत नाही. फिरताना दोरी आखूड, लांब सुटणारी नको. समोर आला तर पळायचं नाही. पाठ दाखवली की पाठलाग होतो.

हे शेवटचं मी मे महिन्यात अनुभवलं आहे. एप्रिल-मेमध्ये त्यांची पिल्लं बिळात असतात. कालव्याच्या बाजूच्या पायवाटेवर एक मादी आमच्या समांतर चालू लागली, वीसेक पावलांवर, मधे वाळलेली मोहरी. आम्ही थांबलो की ती थांबायची. पोटाकडचे केस विरळ झालेले, स्तन ओघळलेले, एका डोळ्याखाली गोचिडीचा फुगलेला राखाडी दाणा. ती हल्ला करत नव्हती, आम्हाला तिच्या घरापासून लांब पोचवत होती. चिंगीला मी छातीशी उचललं आणि तोंड तिच्याकडेच ठेवून मागे मागे सरकत गेले. वळणापाशी ती बसली आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत बसून राहिली. त्या दिवसांत तिच्यावर ओरडण्यात अर्थ नसतो, रस्ता बदलावा. एरवी मात्र, अंगणात किंवा फुटपाथवर कायोटी निवांत उभा दिसला तर त्याला तसा उभा राहू देणं चूक. मी हात उंच करते, पुढे जाते आणि पोटातून ‘हाड!’ म्हणते. तो जाईपर्यंत म्हणत राहते. तो वळून बघत जातो तेव्हा माझ्या मनात थोडं हलतं, पण त्याच्या भल्याचं तेच आहे.

बैठक लांबली. एका गृहस्थांनी भिंतीकडेला ठेवलेल्या काळ्या पेट्यांचा विषय काढला, उंदरांच्या विषाच्या. विष खाल्लेला उंदीर कायोटीच्या पोटात जातो. त्यातली सगळ्यांत जहाल द्रव्यं राज्यानं २०२१ पासून बरीचशी बंद केली आहेत, तरी आमच्या पेट्यांत नक्की काय आहे हे कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणालं, सामायिक बागेतल्या अंजिरांचा आणि लोकाटचा खाली सडा पडतो, तो कोण उचलतं? कुणीच नाही. कोल्हा काकडीला राजी म्हणतात तसा कायोटी अंजिराला राजी असतो. सप्टेंबरात पायवाटेवरच्या त्याच्या विष्ठेत मला अंजिराच्या बारीक बिया स्पष्ट दिसतात. म्हणजे आईची पोळी मी थांबवली आणि त्याच अंगणाबाहेर आम्ही सगळे मिळून रोज पंगत वाढत होतो.

मतं विभागली. पकडणाऱ्याचा विषय नामंजूर झाला नाही, फक्त जानेवारीच्या बैठकीपर्यंत पुढे गेला. मांजरीच्या मालकिणीनं पकडणाऱ्याच्या बाजूनं हात वर केला आणि मी विरुद्ध. बाहेर पडताना आम्ही दोघी गाड्यांपर्यंत बरोबर चालत गेलो, बोललो नाही. जानेवारीत मी पुन्हा हेच सांगणार आहे. तोवर कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं येतील, विषाच्या पेट्यांत काय आहे याचं लेखी उत्तर मागितलं आहे, आणि खाली पडलेली फळं रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आत उचलायची असं ठरलं आहे. घरं वाटून घेतली आहेत. आमच्याकडे मंगळवार आहे.